खाली म्हणजे कुठे?

वैजयंती मॅडमचं पोट दुखायला लागलं ते एका प्रश्नामुळे, आणि तो प्रश्न विचारला बुशरानं. आता हे दुखणं ओवा खाऊन जाणारं नव्हे बरं का. दुसऱ्याच्या ताटातलं बघून उठतं ते दुखणं.

तोवर बाईंचं झकास चाललं होतं. मूळच्या फलटणच्या. लग्न होऊन नेरूळला आल्या, क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवून शिकवून घसा बसला, आणि चाळिशी ओलांडल्यावर एक दिवस नवऱ्याला म्हणाल्या, "मी ड्रोन उडवायला शिकणार." प्रसादरावांना वाटलं, बायको चेष्टा करतेय. "आधी स्कूटर तर नीट पार्क कर," असं म्हणून त्यांनी पेपरात डोकं घातलं. झालं! बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नावड्याला 'गगनवेध' नावाचं ड्रोन शिकवणारं केंद्र होतं, तिथं जाऊन नाव घातलं, परवाना काढला, आणि पुढच्या वर्षी तिथंच शिकवायलाही लागल्या. केंद्रातली पहिली बाई. पेपरात फोटो आला, सोसायटीच्या ग्रुपवर फुलांचा नुसता खच पडला, आणि त्याच प्रसादरावांनी तो फोटो फ्रेम करून टीव्हीच्या वर लावला. 'पहिली' हा शब्द बाईंनी मंगळसूत्रासारखा गळ्यात घातला, तो काही पुन्हा उतरवला नाही.

शिकवायच्या मात्र फर्स्ट क्लास, हं. उगाच नाव ठेवायला जागा नाही. पहिल्याच दिवशी कुणाला तरी उठवून वर्गाकडे तोंड करून उभं करायच्या आणि सगळ्यांना सांगायच्या, "ह्याला उजवीकडे पाठवा." वर्ग ओरडायचा, "उजवीकडे!" तो बिचारा आपल्या उजव्या हाताला जायचा आणि वर्ग म्हणायचा, अरे इकडे नाही, तिकडे. "बघा," बाई म्हणायच्या, "तुमचं उजवं वेगळं, ह्याचं वेगळं. ड्रोनचं नाक तुमच्याकडे वळलं की हाच घोळ होतो, आणि पहिला ड्रोन झाडावर जातो तो ह्याच घोळात." म्हणून बाईंचा नियम ठरलेला. पायलट स्क्रीनमध्ये बघत असतो, त्याच्या शेजारी उभा राहून आकाशावर नजर ठेवणारा दुसरा माणूस असतो, निरीक्षक. त्या निरीक्षकानं जे सांगायचं ते ड्रोनच्या अंगानं सांगायचं. डावं म्हणजे ड्रोनचं डावं. पुढे म्हणजे त्याच्या नाकासमोर. आपलं डावं-उजवं घरी ठेवून यायचं.

मग दुसरा धडा. ड्रोनच्या डोक्यात तीन दिशा असतात. उत्तर, पूर्व आणि तिसरी खाली. वर नाही हं, खाली! त्यामुळे ड्रोन वर चढत गेला की आकडा उणे होत जातो. पोरं डोकं खाजवायची. "अरे, विहिरीची खोली काठापासून खालीच मोजतो ना आपण? तसंच हे. काठाच्या वर उडालात की उणे." लगेच सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश. बाई खडू ठेवून हात झटकायच्या, आणि त्या हात झटकण्यात सुद्धा ऐट असायची.

अशा ह्या वर्गात बुशरा आली. उरणकडच्या एका खाडीकाठच्या गावातली. बाप झहूर द्रोणागिरीच्या गोदामांतून टेम्पोनं माल पोचवायचा, पोरगी डिप्लोमा करून आलेली. डोक्याला स्कार्फ, पायांत चिखलानं माखलेले बूट, बोलणं मऊ. पहिल्याच आठवड्यात तिनं हातातलं जीपीएसचं यंत्र पुढे केलं. "मॅडम, आपण समुद्राच्या वर आहोत ना? मग हे उंची उणे साठच्या आसपास का दाखवतंय?"

बाईंनी बघितलं. खरंच उणे. इतकी वर्षं शिकवतायत, पण हा आकडा कधी नीट बघितलाच नव्हता. "यंत्र बिघडलं असेल," म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

दुसऱ्या दिवशी बुशरा उत्तर घेऊन हजर. आणि भर वर्गात, तेही इतक्या अदबीनं की राग धरायलाही जागा नाही. "मॅडम, यंत्र बरोबर आहे. ते खऱ्या समुद्रापासून मोजतच नाही. त्याच्या मनात एक गुळगुळीत पृथ्वी आहे, अंड्यासारखी, तिच्यापासून मोजतं. आणि आपल्याकडचा समुद्र आहे तो त्या मनातल्या पृथ्वीपेक्षा बराच खाली बसलाय. म्हणून आपण जमिनीवर उभे असून उणे." वर्गानं टाळ्या वाजवल्या. केंद्राचे मालक श्यामसुंदर सर नेमके दारात उभे. "क्या बात है!" म्हणाले. बाईसुद्धा हसल्या. त्या हसण्याला किती कष्ट पडले ते त्यांच्या जबड्यालाच ठाऊक.

तेव्हापासून बाई बुशराला पाण्यात पाहू लागल्या.

देवानं मात्र एक गोष्ट बाईंच्या बाजूनं ठेवली होती. बुशराची जीभ. ती घाईत आली की गावचं बोलायची. तिच्या घरी 'वर' म्हणजे डोंगराकडे आणि 'खाली' म्हणजे खाडीकडे. अब्बा खाली गेलेत, म्हणजे बंदरावर गेलेत. मावशीचं घर वर आहे, म्हणजे डोंगराच्या अंगाला. आता अशी पोरगी निरीक्षक म्हणून उभी राहिली आणि "खाली घे, खाली" म्हणाली की पायलट गोंधळणारच. एकदा एकानं खरंच ड्रोन जमिनीवर आणून आपटला. बाईंना तर सणच साजरा झाला. "अगं बाई, खाली म्हणजे पायाखाली! तुझी खाडी घरी ठेवून येत जा." वर्ग खो खो हसला. बुशरानं जीभ चावली आणि तीही हसली. त्या दिवशी बाईंना डब्यातली दुधी भोपळ्याची भाजीसुद्धा गोड लागली.

पण जीभ सोडली तर पोरीत खोट काढायला जागा कुठे होती? परीक्षेत पहिली आली, सरांनी तिथंच शिकवायला ठेवून घेतली. भर वाऱ्यात ड्रोन ताटलीएवढ्या जागेत अलगद उतरवायची. पोरं बावळटासारखी बघत राहायची. मग ऑफिसात हळूच विचारणा सुरू झाली, "बुशरा मॅडमची बॅच मिळेल का?" ती विचारणा बाईंच्या कानावर पडली की अंगाचा तिळपापड व्हायचा. तिच्या ड्रोन उडवतानाच्या व्हिडिओला किती जणांनी आवडलं म्हटलंय ते बाई रोज उघडून बघायच्या, आणि बघितल्यावर स्वतःवरच चिडायच्या. तिचा स्कार्फ नवा दिसला तर तोही डोळ्यांत खुपायचा.

"तुझीच विद्यार्थिनी ना?" प्रसादराव जेवताना म्हणाले. "अभिमान वाटायला पाहिजे तुला."

"वाटतो ना. खूप वाटतो," बाई म्हणाल्या, आणि तव्यावरची पोळी करपवली.

अशातच सरांनी जाहीर केलं की द्रोणागिरीला केंद्राची दुसरी शाखा निघतेय, मोठी, आणि तिथं मुख्य प्रशिक्षक नेमायचाय. नावं दोनच. वैजयंती आणि बुशरा. ही खुर्ची आपली, ह्यात त्यांना शंकाच नव्हती कधी. तिची आणि आपली तुलना? मीच शिकवलं ना हिला, डावं-उजवं सुद्धा मीच शिकवलं!

निवड कशी करायची, तर करावे गावच्या धक्क्यावर. खाडीकाठच्या तिवराच्या झाडांचे फोटो काढून हवे होते आणि काम देणारी मंडळी बघायला येणार होती. विमानतळ जवळ, त्यामुळे परवानगीसाठी सरांनी किती खेटे घातले ते त्यांनाच ठाऊक. मिळाली ती सुद्धा अगदी कमी उंचीची. तिवरांच्या शेंड्यांवरून जेमतेम उडायचं. एका बाजूला मोकळी खाडी, दुसऱ्या बाजूला गावाकडून गेलेल्या विजेच्या तारा. आधी बुशरा उडवणार, वैजयंती निरीक्षक. मग उलट.

बुशरानं उडवलं, आणि काय उडवलं हो! वारा खाडीवरून गावाकडे वाहत होता, ड्रोनला तारांकडे ढकलत होता, तरी ड्रोन रुळावरून चालल्यासारखा सरळ. वैजयंती बाई निरीक्षक म्हणून "डावं, थोडं डावं" म्हणेपर्यंत ती आधीच डावीकडे आलेली असायची. आपल्या सांगण्याची हिला गरजच नाही, हे बाईंना प्रत्येक वेळी नव्यानं कळत होतं आणि प्रत्येक वेळी नव्यानं टोचत होतं. ड्रोन उतरला तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "असं आमच्याकडे दुसऱ्या कुणालाच जमत नाही." बाई शेजारीच उभ्या होत्या. सरांच्या लक्षातही आलं नाही.

मग बाईंची पाळी आली. स्क्रीनवर डोळे, कॅमेरा सरळ खाली बघणारा, त्यात नुसती तिवरांची हिरवी डोकी. तारा काही त्यात दिसत नव्हत्या, त्या बघणं बुशराचं काम. सुरुवातीला ती नियमानं बोलत होती, डावं, उजवं, पुढे. मग वाऱ्यानं जोर धरला आणि पोरगी म्हणाली, "जरा खाली, मॅडम." बाईंनी काही विचार न करता ड्रोन खाडीकडे सरकवला. बरोबर हवा होता तिथं. इतके दिवस टिंगल करता करता तिची बोली बाईंच्या बोटांत मुरली होती. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही.

थोड्या वेळानं वाऱ्याचा मोठा झोत आला. "मॅडम, तारा! खाली घ्या! खाली, खाली!"

बाईंना कळलं. इथं कुणी काही म्हणो, बाईंना शंभर टक्के कळलं होतं. खाली म्हणजे खाडीकडे. पण त्याच क्षणी हेही कळलं की खाली म्हणजे खालीसुद्धा. नियमच तसा आहे, आपणच केलेला आहे, आणि इथं पाहुण्यांसमोर, सरांसमोर पोरगी मोठ्यानं 'खाली' म्हणालीय. डोळ्यांसमोर त्या टाळ्या आल्या, आणि 'दुसऱ्या कुणालाच जमत नाही' हे वाक्य आलं. बाईंनी ड्रोन उतरवायची कळ डाव्या अंगठ्यानं सरळ मागे ओढली.

ड्रोन दगडासारखा तिवरांत घुसला. खर्रर्र करून पाती झाडाला लागली, पानं उडाली आणि सगळं धूड चिखलात जाऊन पडलं. पाहुणे "अरेरे" म्हणाले.

"ती खाली म्हणाली!" बाईंचा आवाज चिरकला. "ऐकलंत ना सगळ्यांनी? खाली म्हणाली!"

बुशराचा चेहरा पांढराफटक. एकदा तिनं बाईंकडे बघितलं, मग सरांकडे वळली. "माझी चूक, सर. मी 'डावीकडे' म्हणायला हवं होतं."

धक्क्यावर जाळं विणत बसलेला सिताराम कोळी चिखलात उतरला आणि ड्रोन बकोटीला धरून घेऊन आला. "ही तुमची घार आता काय उरनार नाय," म्हणाला. मग बाईंना म्हणाला, "पोरगी खाली घे म्हनत व्हती ना? मंग झारात कशाला घातलीस गो?" सगळ्यांना वाटलं, म्हातारा काहीतरी बडबडतोय. सर नागपूरकडचे, त्यांना तर शब्दही धड कळला नाही. बाईंनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

दोन दिवसांनी सरांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. द्रोणागिरी तुमचं, म्हणाले. "उडवण्यात बुशरा तुमच्या पुढे आहे, ते मी लपवत नाही. पण ऐन वेळी जिची भाषा घसरते तिला मुख्य कसं करणार?" घ्या! खुर्ची दिली ती सुद्धा हे ऐकवून. तरी बाईंनी पेढे आणले. केंद्रात वाटले, पोरांनी पाया पडायचं नाटक केलं, फोटो झाले.

वर्ग रिकामा झाल्यावर बुशरा आली. पेढा घेतला, अभिनंदन केलं. मग दाराशी गेली आणि परत फिरली.

"मॅडम, एक विचारू? त्याच्या आधी मी 'जरा खाली' म्हटलं, तेव्हा तुम्ही खाडीकडे नेलात. बरोब्बर नेलात. मग दुसऱ्यांदा का नाही नेलात?"

बाईंच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला. "सरांना सांगितलंस?"

"नाही."

"का नाही सांगितलंस?"

"मला अजून मिळेल, मॅडम, कधी ना कधी. तुम्हाला हे खूप हवं होतं." एवढं बोलून ती गेली. आवाजात टोमणा नव्हता, तक्रार नव्हती. नुसती कीव होती.

अगं, त्यापेक्षा कानफटात मारायची होतीस! बाई संध्याकाळभर घरात येरझाऱ्या घालत होत्या. प्रसादरावांनी श्रीखंड आणलं होतं, ते तसंच पडलं. भांडली असती, रडली असती, सरांकडे जाऊन चुगली केली असती तर बाईंना तिचा मनसोक्त राग करता आला असता. पण नाही! उडवण्यात पुढे गेली. शिकवण्यात पुढे गेली. आता मोठेपणातही हीच पुढे? तेवढं तरी माझ्या वाट्याला ठेवायचं होतं ना मेलीनं!

आता कुणी म्हणेल, बाईंना पश्चात्ताप झाला. झाला असेल थोडाफार, नाही म्हणत नाही. पण सकाळी सरांच्या केबिनचं दार ढकललं ते पश्चात्तापानं नव्हे, खरं सांगायचं तर निव्वळ जळफळाटानं.

"सर, ती कुठलं खाली म्हणतेय ते मला कळलं होतं. खाडीकडे. मी मुद्दाम ड्रोन झाडांत घातला."

सरांच्या हातातली पेन्सिल थांबली. "मॅडम, हे तुम्ही मला का सांगताय? कुणाला कळलंही नसतं."

"तिला कळलंय. आणि ती गप्प बसलीय. ती गप्प बसून मोठी होत जाणार आणि मी खुर्चीत बसून लहान होत जाणार? मला नाही जमायचं ते."

सरांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "द्रोणागिरी तिला द्यावं लागेल. आणि तुम्हाला काही महिने उडवता येणार नाही. नुसतं फळ्यावर शिकवायचं."

"द्या," बाई म्हणाल्या. एवढासाच शब्द. ती खुर्ची, ती दारावरची पाटी, सोसायटीच्या ग्रुपवर कालच टाकलेली बातमी, सगळं त्यात गेलं. घरी काय सांगायचं ते अजून सुचलं नव्हतं.

बाहेर मैदानात बुशरा नव्या बॅचला घेऊन उभी होती. नवा ड्रोन हातात धरून स्वतःभोवती गोल फिरत त्याच्या पोटातल्या होकायंत्राला दिशा शिकवत होती. बाई तरातरा तिच्यापर्यंत चालत गेल्या.

"द्रोणागिरी तुझं. मी सांगितलं सरांना."

बुशरानं ड्रोन खाली ठेवला, गवतावर, पायाशी. "मॅडम, कशाला सांगितलंत? मी काही म्हटलं होतं का?"

"नाही म्हटलंस, तेच तर!" बाईंचा आवाज चढला. "ऐक, थँक्यू-बिंक्यू म्हणू नकोस मला. आणि रडू तर अजिबात नकोस. मी काही संत झालेली नाही. मी जळते तुझ्यावर, बुशरा. पहिल्या दिवसापासून जळते. आत्ता ह्या क्षणीसुद्धा जळतेय."

"ठाऊक आहे, मॅडम," बुशरा डोळे पुसत म्हणाली. "सगळ्या बॅचला ठाऊक आहे."

बाईंनी गर्रकन मागे वळून बघितलं. सगळी पोरं घाईघाईनं माना वर करून आकाशात बघायला लागली. आकाशात काही नव्हतं, ड्रोन अजून गवतावरच होता.